उत्तनला उशिरा पोचलेली बातमी

एसटी सुटायला आली तरी आबा खालीच उभे होते. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि मंडणगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत त्यांना एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं. पोचवायला भावकीतले चौघे आले होते. आबांचे धाकटे चुलतभाऊ, सखाकाका, त्यांची पिशवी वर चढवत म्हणाले, "दादा, लेकीकडं किती दिवस काढशील? कंटाळलास की ये निघून." आबा गाडीत चढले. गाडी वळणापलीकडे गेली, वाडी दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुझ्या घरापासून उत्तन किती लांब?"

मी मिरा रोडला पेणकरपाड्यात राहते. तिथे राहायला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तोपर्यंत आबांनी माझ्या घराबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस मिळते, एवढं मी सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना आबा फौजी म्हणून माहीत आहेत. एकाहत्तरच्या लढाईत ते सीमेवर लढले, असं वाडीत सांगितलं जातं. हे बरोबर नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी नोकरी झाली; चुकीची माहिती छापली गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यायची, हा तिथला नियम. ही दुरुस्ती उशिरा देते आहे.

आबा सिग्नलमध्ये, म्हणजे फौजेच्या तारा आणि टेलिफोन सांभाळणाऱ्या विभागात होते. लढाईच्या काळात त्यांची नेमणूक पूर्वेकडच्या कमांडच्या मुख्यालयात, टेलिफोन एक्सचेंजवर होती. त्यांनी गोळी झाडली नाही, शत्रू पाहिला नाही. आमच्या इमारतीतले शेजारी पहिल्या आठवड्यातच त्यांना म्हणाले, "अंकल, आप तो बॉर्डर पे थे ना?" आबा म्हणाले, "नहीं, टेलिफोन पे था." शेजारी हसले. त्यांना तो विनोद वाटला. सोसायटीने सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी मनातून धास्तावले होते. आबा बोलले ते कमांडच्या रचनेवर. वर कमांड, तिच्याखाली कोअर, कोअरखाली डिव्हिजन, मग ब्रिगेड, मग पलटण. कमांडचं तोंड आधी उत्तरेच्या डोंगरांकडे होतं. लढाईच्या आधी काही महिन्यांत ते नद्यांच्या मुलखाकडे वळवावं लागलं. एक कोअर मुख्यालय तर नव्याने उभं राहिलं. रस्ते, पूल, दारूगोळा, रेशन, सगळं हलवायचं आणि प्रत्येक हलणाऱ्या मुख्यालयामागे तार ओढत न्यायची. "खालचा माणूस एक पायरी सोडून वर बोलत नाही, आणि वरचा एक पायरी सोडून खाली बोलत नाही. म्हणून एवढी मोठी फौज चालते," असं सांगून ते खाली बसले. मुलांनी गोळीबाराची वाट बघितली आणि मग समोसे खाल्ले.

गावात आबा दिवसभर कुंपण, आंबे, पाण्याची मोटार यांच्यामागे असायचे. इथे चौथ्या मजल्यावर त्यांना काम नव्हतं. सकाळी खाली उतरून रिक्षावाल्यांना उत्तनच्या बसची विचारपूस करायची आणि वर यायचं, हे काही महिने चाललं. बसमध्ये मात्र ते बसले नाहीत. एका दुपारी मी सरळ विचारलं, "आबा, उत्तनला कोण आहे?"

"इनासची आई होती. आता बहीण असेल," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. इनास उत्तनचा, मच्छिमाराच्या घरातला. फौजेत तो इंजिनिअर तुकडीत होता. नदीवर पूल टाकणं, होड्यांनी माणसं पलीकडे नेणं हे त्यांचं काम. लढाईच्या आधी ती तुकडी मुख्यालयाजवळ तळ देऊन होती. त्या सगळ्या गर्दीत आबांना मराठीत गप्पा मारायला एकच दोस्त मिळाला, तो इनास. रविवारी तो चर्चमध्ये जायचा, आबा बाहेर झाडाखाली थांबायचे, मग दोघं बाजारात मासळी बघत फिरायचे. नदीची मासळी इनासला आवडत नसे. "मिठाशिवायचं पाणी, त्यात काय मासा वाढणार," असं तो म्हणायचा. युद्ध सुरू झालं आणि त्याची तुकडी पुढे गेली.

एका सकाळी कोअरच्या एक्सचेंजवरचा ओळखीचा ऑपरेटर लाईन तपासताना आबांना म्हणाला, "तुम्हारा उत्तनवाला गया. नाव उस पार लगाते वक्त गोली लगी." तारेवर ऐकलेलं तारेवरच सोडायचं, हा एक्सचेंजचा पहिला नियम. मेलेल्याचं नाव पलटणीकडून रेकॉर्ड ऑफिसला जातं आणि तिथून घरी तार. मधल्या कुणी तोंड उघडायचं नाही.

त्याच दिवशी आबा तळावरच्या इस्पितळात लाईन दुरुस्त करायला गेले होते. तिथे वसईकडचा एक जखमी जवान मुंबईला जाणाऱ्या गाडीत चढवला जात होता. इनासबरोबर बाजारात पाहिलेल्या आबांना त्याने ओळखलं. "उत्तनवरून जाईन. इनासच्या घरी काय सांगू?"

"बरा आहे सांग," आबा म्हणाले.

त्यांचा हिशेब साधा होता. जखमींची गाडी सावकाश जाते. तार तिच्या आधी पोचणार. मग या निरोपाला काही अर्थच उरणार नाही. कमांडची यंत्रणा आगगाडीपेक्षा हळू चालेल, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. तार आधी गेली की गाडी, हे त्यांना कधी कळलं नाही. त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना आता एवढंच हवं होतं: कुणी उरलं असेल तर त्याच्यासमोर खरं सांगायचं.

पावसाळा संपल्यावर आम्ही गेलो. उत्तनला उतरल्यावर आबांनी इनासच्या नावाने विचारलं. तरुणांना नाव माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्याने हाताने वाट दाखवली. किनाऱ्याजवळच्या मोकळ्या जागेत बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते आणि एक म्हातारी खाली पडलेले उचलून पुन्हा टांगत होती. ती इनासची बहीण, मार्था. आबांनी आपलं नाव सांगितलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"टेलिफोनवाला दोस्त? तू हाय तो?" तिने हात लुगड्याला पुसले आणि आत हाक मारून चहा टाकायला सांगितला. आबांना बोलायला वेळच मिळाला नाही. तीच बोलू लागली. "तुझा निरोप आला ना, तवा आयनं सगल्या आळीत सांगितलं. मग चार दिसांनी तार आली. आय बोलली, सरकारची चूक हाय. त्याचा दोस्त तिथं हाय, त्यानं सांगितलंय बरा हाय, मग बरा हाय. मग त्याची पेटी आली. आय बोलली, सामान पुढं पाठवलंय, तो मागून येल."

आबा खाली बघत होते.

"किती वर्षं वाट बघितली तिनं?" मी विचारलं.

"मरेपर्यंत. मेलेल्यांच्या सणाला गावातली सगली नावं देतात मिस्सेला, चर्चात वाचायला. आयनं त्याचं नाव कधी दिलं न्हाय, कुणाला देऊ दिलं न्हाय. आय गेली तवा मी तिचं नाव दिलं. त्याचं न्हाय. तिच्या पाठीमागं कसं देऊ?"

चहा आला. आबांनी कप घेतला नाही. "बाई," ते म्हणाले, "निरोप दिला तेव्हा मला ठाऊक होतं. सकाळीच कळलं होतं."

मार्थाबाई वळल्या आणि दोरीवरचा एक बोंबील नीट असतानाही काढून पुन्हा लावू लागल्या. मग मागे वळून न बघता त्यांनी विचारलं, "बुडाला?"

"नाही. गोळी लागली. होडी पलीकडं पोचली होती."

"बुडाला न्हाय ना?"

"नाही."

"आयला तीच भीती. कोल्याचा पोर, दुसऱ्याच्या पाण्यात बुडाला बोलतील." त्या आता समोर येऊन बसल्या. "पन्नास वरसं लावलीस रे इथं यायला."

"हुकूम नव्हता," आबा म्हणाले.

"लढाई संपली. मग कुणाचा हुकूम पायजे होता?"

आबा रडले. मी त्यांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. मार्थाबाईंनी समजूत घातली नाही आणि दोषही दिला नाही. त्यांनी फक्त गार झालेला चहा उचलून आत दिला आणि दुसरा मागवला. निघताना त्या मला म्हणाल्या, "याला घेऊन ये मेलेल्यांच्या सणाला."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, त्या सणाला, आम्ही पुन्हा गेलो. आमच्या घरात बुद्धवंदना होते. चर्चमध्ये कधी उठायचं, कधी बसायचं हे आबांना ठाऊक नव्हतं. पुढच्या बाकावरच्यांकडे बघून ते करत राहिले. नावं वाचली जाऊ लागली. इनासचं नाव आलं तेव्हा आबा एकटेच उभे राहिले, हात शरीराला चिकटवून, सावधान. पाद्री क्षणभर थांबले आणि पुढचं नाव वाचलं.

त्यानंतर आबांनी बसची चौकशी करणं सोडलं. ते बसने जाऊ लागले. मार्थाबाई माझ्या आत्या झाल्या. त्या पेणकरपाड्याला आल्या की लिफ्टमध्ये सुक्या मासळीचा वास राही आणि गुजराती शेजारीण दार लावून घेई. आबांना त्याचं काही वाटत नसे. सखाकाकांचा फोन आला की "येतो, येतो" म्हणत आणि जात नसत.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. गावाला कळवायला दुपार झाली. त्याबद्दल भावकीत नाराजी आहे, आणि ती रास्त आहे. गाव सोडून आलेल्याला घर कुठलं, असं विचारतात तेव्हा तो वाडीचं नाव सांगतो किंवा फ्लॅटचा नंबर. मी इतकी वर्षं दोन्ही सांगत आले. आता मला वाटतं, माणसाचं घर म्हणजे ते दार, जिथे त्याची बातमी सगळ्यांत आधी आणि खरी पोचायला हवी. आबांचं तसं दार वाडीत उरलं नव्हतं.

म्हणून पहिला फोन मी उत्तनला केला. आत्यानेच उचलला.

"आत्या, आबा गेले."

मग तिने विचारलं, "खरा ना?"

"खरं."

"तू बघितलंस?"

"मी जवळच होते."

"बरा झाला तू सांगितलंस," ती म्हणाली. "निघते मी."