दाजींना न पटणारी गाडी

आमच्या दाजींचं, पार्श्वनाथांचं, निपाणीत बी-बियाण्याचं दुकान हाय. गिऱ्हाईक दारात घुटमळलं तर दोन वाक्यात निकाल लावतील, पण स्वतःला काही घ्यायचं म्हटलं की माणूस नको जीव करतो. एका जुन्या गाडीपायी त्यांनी माझं डोकं पार खाल्लं. मी त्यांच्या बायकोचा, कमलाआक्काचा, धाकटा भाऊ. मेव्हणा झालो म्हणजे काय बिनपगारी ड्रायव्हर झालो?

गाडी हवी होती लेकीसाठी. सौम्या जांबोटीच्या पुढं, जंगलातल्या एका गावात, सरकारी दवाखान्यात डॉक्टर हाय. गेल्या पावसाळ्यात तिची छोटी कार चिखलात रुतली आणि पोरगी भिजत दवाखान्यापर्यंत चालत गेली. तेव्हापासून आक्कानं धोशा लावला, यंदा पावसाच्या आत चारी चाकांनी ओढणारी गाडी पाहिजे म्हणजे पाहिजे. तशी एक येळ्ळूरच्या मष्णूकडं मिळाली. जुनी, पण नीट राखलेली.

दाजींनी ती बघितली. परत बघितली. एकदा रंग लई भडक, एकदा पायरी लई उंच, एकदा सीटला कसला तरी वास. चालवून बघायला जांबोटीच्या रस्त्याला लागलो की यांचं सगळं लक्ष उन्हाकडं. "श्रेयांस, वळव रं. दिवस मावळायच्या आत जेवायचं हाय." आम्ही जैन, अंधार पडल्यावर जेवत न्हाय, हे काय मला नवीन सांगायला पाहिजे? पण चढ यायच्या आधीच दर खेपेला दिवस कसा मावळतो? मष्णूसुद्धा कावला. म्हणाला, "अण्णा, तुमच्या दाजीस्नी गाडी घ्यायची हाय का नुसती हवा खायची हाय?"

शेवटी रविवारी मी आक्काकडनं डबाच भरून घेतला. दाजींनी नेमानं उन्हाकडं बघितलं, तशी गाडी कडेला घेतली आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, जेवा. बिचारे मुकाट्यानं भाकरी खात बसले.

जांबोटीत सौम्या तिच्या कारनं येऊन थांबली होती. ती कार तिथंच ठेवून आमच्या गाडीचं स्टिअरिंग तिनं घेतलं. वळवाच्या पावसानं पुढच्या रस्त्याचा लगदा झालेला. गाडी त्यातनं अशी वर चढली की मीच खुळ्यासारखा हसायला लागलो. दाजींचं तोंड मात्र उतरलेलं.

"कशी हाय, आप्पा?" सौम्यानं विचारलं.

"लई चांगली हाय."

"मग घ्यायची?"

"नको."

आता मात्र माझं टाळकं सटकलं. "दाजी, किती अंत बघाल? ताकाला जायचं आणि भांडं कशाला लपवायचं? काय ते सरळ सांगा."

दाजी बाहेर बघत बोलले. "गाडी आली की ही इथंच ऱ्हाणार. न्हाय आली तर या चिखलाला कंटाळून बदली मागंल, घराकडं येईल, असं वाटलं मला."

सौम्यानं गाडी बंद केली. "आप्पा, बदली आलती. निपाणीच्या जवळच. मीच नको म्हणून लिहून दिलं. हितं दुसरा डॉक्टर यायला तयार न्हाय. गाडी नसली तर चालत जाईन, पण ऱ्हाणार हितंच."

मला दाजींचा राग आलता, तो कुठल्या कुठं गेला. नुसतं वाईट वाटत राहिलं.

दाजी तिला म्हणाले, "आईला सांगू नको हे. तिला सोसायचं न्हाय."

"आईला पहिल्यापासनं ठाऊक हाय, आप्पा. म्हणून तर ती गाडीच्या मागं लागलीया."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी शपथेवर सांगितलं की मला यातलं काही माहीत न्हाय. त्यांनी मांडीवरचा रिकामा डबा बाजूला ठेवला.

"मष्णूला फोन लाव," म्हणाले. "म्हणावं, आम्ही छोट्या कारनं परत येतोय. गाडी पोरगीनं ठेवून घेतलीया."