डावीकडचं कोण बघतं

डावं वळण सोपं असतं असं कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. समोरून गाडी आडवी येत नाही, लाल दिव्याला थांबावं लागत नाही, फ्री लेफ्टची पाटीच लावलेली असते, मग त्यात अवघड ते काय, असं म्हणतात. म्हणणारा बहुतेक चारचाकीत काचा वर करून बसलेला असतो. त्यानं एकदा माझ्या स्कूटीवर बसून सकाळी साडेनऊला नांदेडातल्या आमच्या चौकातून डावीकडं वळून दाखवावं. धड पोचला तर चहा माझ्याकडून.

आमच्या चौकात डावी कड रिकामी नसतेच. तिथं मुदखेडच्या रिक्षा उभ्या असतात, सीट भरेपर्यंत त्या हलत नाहीत. त्यांच्यापुढं केळ्यांचे दोन गाडे. म्हणजे डावीकडं वळायचं असणाऱ्याला आधी उजवीकडून रिक्षांना वळसा घालावा लागतो, आणि शेवटचा गाडा संपला की डावीकडं आत शिरावं लागतं. नेमकं त्याच वेळी रिक्षा आणि आपण यांच्यामधल्या हातभर फटीतून मोटरसायकलवाले सुटतात. त्यांना सरळ जायचं असतं. तुम्ही डावीकडं वळणार हे त्यांना माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी त्यांना काही पडलेली नसते. बस वळत असेल तर आणखी निराळं. बसचं तोंड लांबून वळतं आणि मागचं चाक कोपरा कापत येतं. हे मला कुणी शिकवलं नाही. एका भाजीवालीची पाटी त्या चाकाखाली गेलेली पाहिली, तेव्हा कळलं.

तर डाव्या वळणाचं मला कुणी शिकवू नये. मी त्या चौकातून रोज वळते. माझं काम रक्त काढायचं. लोक उपाशीपोटी थांबलेले असतात, त्यांच्या घरी जायचं, नळ्या भरायच्या, बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि दहाच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या. सकाळी सहा ते दहा, सात-आठ घरं. हे काम रिक्षानं होत नाही आणि पायी तर नाहीच. स्कूटी आहे तर काम आहे. म्हणून मध्यंतरी आठ दिवस माझ्या स्कूटीची किल्ली नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात होती, ते मी विसरणार नाही.

गाडी मी चाळिशीत शिकले, आणि मला शिकवली सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी. मामा तरुणपणी बिलोली लाइनीवरच्या जीपवर क्लीनर होते. जीपच्या डाव्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं, पत्र्यावर थाप मारायची, आणि वळण आलं की हात बाहेर काढून "येऊ दे, खाली हाय" म्हणायचं. ड्रायव्हर डावीकडं बघतच नसे. डावी बाजू क्लीनरची, असा कायदाच होता. मामांनी मला तोच कायदा शिकवला. माझ्या मागं बसायचे आणि सांगायचे, "माय, तू पुढलं बघ. मागलं अन् डावीकडलं मी बघतो."

मला ते फार सोयीचं वाटलं, खोटं कशाला बोलू. नवऱ्यानं मागं बसून शिकवलं असतं तर पहिल्याच दिवशी गाडी विकून टाकली असती. मामा कधी ओरडले नाहीत. वळण आलं की माझ्या डाव्या कोपराशेजारी त्यांचा हात बाहेर यायचा, लांब, सरळ, बोटं जुळवलेली. तो हात दिसला की मी वळायचे. बरं, डाव्या बाजूचा आरसाही माझ्या गाडीला नव्हता. आमच्या गेटात तो अडकायचा, म्हणून नवऱ्यानं पान्यानं काढून माळ्यावर टाकला होता. गेट रुंद करू म्हणाला होता. गेट आजही तेवढंच आहे. एकटी असले की मी मान वळवून बघायचे. मामा मागं असले की मान वळवायची गरजच काय, त्यांचा हात होता ना.

त्या दिवशी मामांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेत होते. डाव्या डोळ्यानं अंधुक दिसतं, असं आदल्या आठवड्यात पहिल्यांदा म्हणाले होते. चौकात आलो. रिक्षा उभ्या होत्या, गाडे उभे होते. मी रिक्षांच्या बाजूनं पुढं गेले, दुसरा गाडा संपला, मामांचा हात कोपराशेजारी आला, आणि मी वळले.

एक मोटरसायकल फटीतून आली. चालवणाऱ्याचं हेल्मेट कोपरात अडकवलेलं होतं, डोकं उघडं. त्याच्या हँडलनं मामांचा हात उडवला. आम्ही दोघं आडवे झालो. तो माणूस पडला नाही, थांबलाही नाही. पुढं जाऊन एकदा मागं बघितलं आणि म्हणाला, "ताई, दिसत नाही का?" आणि गेला. रिक्षावाल्यांनी आम्हाला उचललं. मला खरचटलं होतं. मामांचं डावं मनगट मोडलं.

घरी आल्यावर नवऱ्यानं आधी मामांना पाणी दिलं, मग माझ्यापुढं हात पसरला. मला वाटलं औषधांची चिठ्ठी मागतोय. "किल्ली," म्हणाला. मी दिली. का दिली ते आजही मला कळत नाही. साडी फाटली होती, आणि समोर प्लास्टरमधले मामा. त्या वेळी कुणी माझी किडनी मागितली असती तरी दिली असती.

मग आठ दिवस मी सिटी रिक्षानं फिरले. पहिल्या घरी पोचायला सात, तिसऱ्या घरी साडेआठ. साखरेच्या आजाराची एक म्हातारी बाई उपाशी बसून बसून चक्कर येऊन भिंतीला टेकलेली सापडली. तिची सून मला म्हणाली, "उद्यापासून दुसरं कुणी पाठवा." बरोबरच होतं तिचं. लॅबच्या डॉक्टरांनी आवाज न चढवता सांगितलं, "मॅडम, सोमवारपर्यंत गाडीचं बघा. नाही जमलं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." मी घरी येऊन हे सांगितलं. नवरा म्हणाला, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

रविवारी लातूरहून दीर आले, मामांना बघायला. आपल्या गाडीनं आले. त्या गाडीच्या डाव्या दोन्ही दारांवर पुढून मागपर्यंत एक खोल ओरखडा आहे. लातुरात आपल्याच गल्लीत डावीकडं वळताना विजेच्या खांबाला घासली. खांब काही जागचा हलला नव्हता. आणि हे गृहस्थ चहाचा कप हातात घेऊन मला म्हणतात, "वहिनी, डावं वळण तर लेकरू पण घेतं. मान वळवून बघायचं, बस."

मी गप्प बसले. गप्प बसले कारण मान मी वळवली नव्हती, आणि ते मला माहीत होतं. आठ दिवस मी मोटरसायकलवाल्याला शिव्या दिल्या, रिक्षावाल्यांना दिल्या, गेटाला दिल्या, नवऱ्याच्या पान्याला दिल्या. सगळे त्या शिव्यांच्या लायकीचेच होते. पण डोळे दाखवायला नेत असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या भरवशावर गाडी मी वळवली होती. रात्री कूस बदलली की खरचटलेला खांदा दुखायचा आणि हेच आठवायचं.

नवरा दिराला म्हणाला, "बाईमाणसाला गाडी देऊन चूकच झाली. बघितलंच नसेल हिनं."

तेव्हा मामा बोलले. पलंगावर बसले होते, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून. "तिनं बघितलं व्हतं," म्हणाले. "तिची चूक न्हाई. मान वळवूनशान बघितलं तिनं. मला दिसलं न्हाई, मीच हात काढला. उगं तिला बोलून राहिले तुम्ही."

नवऱ्यानं खिशातून किल्ली काढली आणि टीपॉयवर ठेवली. "बाबा म्हणतात म्हणून," म्हणाला. "पुन्हा असं झालं तर मग बघ."

मी त्या किल्लीकडं बघत होते. उचलली असती तर सोमवारी काम सुरू झालं असतं. म्हातारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला होता, मी फक्त गप्प राहायचं होतं. आणि मला असा काही राग आला म्हणता, की कानशिलं तापली. माझी गाडी, माझ्या पगारातून हप्ते फेडलेली, आणि ती मला परत कशामुळं मिळतेय, तर मी निर्दोष आहे असं एका पुरुषानं सांगितलं म्हणून. दिरानं खांब घासला तेव्हा त्याची किल्ली कुणी मागितली? गेल्या दिवाळीत ह्याच चौकात ह्याच वळणावर नवऱ्यानं मोटरसायकल केळ्याच्या गाड्यात घातली. केळ्यांचा चिखल झाला, नवरा हसत घरी आला आणि जेवला. त्यानं मान वळवली होती का, हे विचारायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

"मी बघितलं नव्हतं," मी म्हणाले.

नवऱ्यानं मान वर केली. दीर कप खाली ठेवायचं विसरले.

"मामा खोटं बोलतायत, माझ्यासाठी. मी मान वळवली नाही. चूक माझी आहे, मामांचा हात माझ्यामुळं मोडला. तुम्ही गाड्यात गाडी घातली तेव्हा चूक तुमची होती. भाऊजी, खांबाची चूक तुमची होती. तुमच्या किल्ल्या तुमच्या खिशात राहिल्या. माझी पण राहील." आणि मी किल्ली उचलली.

सोमवारी सहाला मी निघाले. माळ्यावरून आरसा काढला, गॅरेजवाल्याकडून बसवून घेतला. आता तो गेटात अडकतो, म्हणून गाडी रस्त्यावर उभी असते. कुणाला काही म्हणायचं असेल तर गेट रुंद करून म्हणावं.

पण मामा माझ्याशी बोलेनात. चहा दिला तर घ्यायचे, जेवण दिलं तर जेवायचे, हूं की चूं नाही. मला वाटलं, चिडलेत. बरोबरच होतं. सूनबाईची लाज राखायला माणूस खोटं बोलला, आणि मी त्यांना दोन्ही मुलांसमोर खोटं पाडलं. एकदा माफी मागायला गेले तर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मग मलाही राग आला. म्हटलं, राहा तसेच.

मधे नवऱ्यानं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, मोतीबिंदू निघाला. तीन आठवड्यांनी ऑपरेशनची तारीख मिळाली. त्याआधी रक्त तपासायचं होतं. दुसरं कोण येणार, मीच काढणार. पलंगाशी बसले. डावा हात प्लास्टरमध्ये, म्हणून उजव्या दंडाला पट्टा बांधला. "मूठ आवळा," म्हटलं. त्यांनी आवळली. शीर चांगली वर आली.

"खरंच बघितलं नव्हतंस?" त्यांनी विचारलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा बोलले.

"नाही मामा."

"मी खोटं न्हाई बोललो त्या दिवशी," ते म्हणाले. "मला वाटलं तू बघतीस. माझं ध्यान हाताकडं, तुझ्या मानेकडं न्हाई. रोज एकटी फिरतीस एवढ्या गर्दीत, तू बघत असशीलच."

मी सुई हातात धरून थांबले. "मग तुम्ही हात का काढायचात?"

"सवय. वरीस झालं, त्या डोळ्याला नुसता धूर दिसतो. सांगितलं असतं तर तुम्ही मला गाडीवर बसू दिलं नसतं. मला वाटायचं, बघणारी तू हायस, मी आपला हात तेवढा दाखवतो."

वर्षभर आम्ही दोघं त्या चौकातून वळत होतो. बाजाराला, बँकेत, लग्नांना. दर वेळी त्यांचा हात बाहेर, दर वेळी माझी मान सरळ. त्यांना वाटत होतं मी बघतेय, मला वाटत होतं ते बघतायत, आणि डावीकडं कुणीच बघत नव्हतं.

मला त्यांचा राग आला. माझाही आला. सुई लावली, नळी भरली, पट्टा सोडला. प्लास्टरच्या हातानं त्यांना कापूस दाबता येईना, म्हणून मीच दाबून धरला, रक्त थांबल्यावरही बराच वेळ.