जॅकखालची फळी
गॅरेजात जॅकच्या तेलाचा वास आला की धुळ्याजवळचं आमचं शेत आठवतं. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल असेल. ऊस भरलेली ट्रॉली शेतातच पंक्चर झाली होती आणि पाटाच्या पाण्याने काळी माती लोण्यासारखी मऊ पडली होती. थोरले भाऊ म्हणाले, “जमीन वल्ली शे, जॅकखाले फळी ठेव.” मी म्हणालो, “भाऊ, ट्रॉली तीन टन, जॅक पाच टनांचा. फळी कशाला?” “बरं, इंजिनेरसाहेब!” असं ते हसत म्हणाले. मी फळीशिवायच जॅक लावून ट्रॉली उचलली आणि त्यांनी चाक काढायला हात घातला. जॅक मातीत रुतून कलंडला आणि त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. पुढे जेवताना त्यांनी मला कधी समोर बसू दिलं नाही, नेहमी शेजारीच बसवलं. त्यांचं डाव्या हाताने जेवणं मला बघावं लागू नये म्हणून, हे आता ते गेल्यावर लक्षात येतं.