आवाज वाढव

आमच्या घरात नाताळची गाणी मोठ्याने वाजायला लागली की समजायचं, आज डुक्कर मरणार. पहिल्या गाण्याला पाणी उकळत ठेवायचं, दुसऱ्याला पाय बांधायचे, आणि तिसऱ्यात ट्रंपेट सुरू झाला की पप्पा अंगणातून ओरडायचे, "आवाज वाढव!" मी बटण पार शेवटपर्यंत फिरवायचे. बाहेर सुरा मानेखाली आत जायचा.

ही सगळी सोय माझ्या धाकट्या बहिणीसाठी होती. वर्षभर डुकराला पेज आणि केळ्याची सालं घालणारी तीच. तिला ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून पप्पांनी ही युक्ती काढली होती. नाताळच्या दोन दिवस आधी, सकाळी, आम्हा दोघींना आतल्या खोलीत कोंडायचं आणि टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर द्यायचा. कॅसेट एकच. आमच्याच वसईच्या पट्ट्यातले दोन भाऊ, एक बाई आणि एक ट्रंपेटवाला. गाणी आमच्या घरच्या बोलीतली, गोठ्याची आणि मेंढपाळांची. त्या ट्रंपेटवाल्यावर माझा जीव होता. नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की मी त्याच्या ट्रंपेटच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे.

मी चौदा वर्षांची आणि ती नऊ वर्षांची असताना तो घोळ झाला. तिसरं गाणं लागलं, ट्रंपेट उठला आणि टेप गुंतली. घर्रर्र करून गाणं मेलं. त्याच वेळी बाहेर पहिला वार चुकला होता. त्या जनावराने जो आकांत केला तो मी अजून विसरलेले नाही. दोर तोडून ते रक्त सांडत अंगणभर धावलं. मडकी फुटली, काका शिव्या देत होते, कोणीतरी पहार घेऊन त्याच्या मागे लागलं. मी टेप ओढत होते, ती आणखी गुंतत होती.

मग दार लाथेने उघडलं. पप्पा, कोपरापर्यंत लाल. "गानं बंद नको पाडू म्हनून सांगितलं होतं ना तुला!" त्यांनी माझे केस धरले आणि कानाखाली वाजवली. तेवढ्यात बहीण झेपावली. पप्पांच्या हातात तिने असे दात रोवले की सोडवता सोडवेना. त्यांनी तिला झटकलं. ती पत्र्याच्या ट्रंकेवर आपटली आणि तिचा पुढचा दात अर्धा तुटला. तोंडातून रक्त येत होतं, पण ती रडली नाही. नाताळच्या जेवणाला तिने डुकराच्या मटणाला हात लावला नाही. मी खाल्लं. चवीने खाल्लं, खोटं कशाला बोलू.

पप्पांच्या हातावरचा तो व्रण त्यांच्याबरोबर गेला. बहिणीचा दात अजून अर्धाच आहे. ती बसवून घेत नाही.

मी आता माणिकपूरला राहते, ती फुलपाड्याला. नाताळचं जेवण माझ्याकडे असतं. ती कॅसेट मी फोनवर उतरवून घेतली. दुकानदार म्हणाला, जुनी टेप आहे, तुटेल. म्हटलं, तुटली तर तुझं मनगट तोडेन. त्याला ती गंमत वाटली. डिसेंबरभर रोज गाणी लावते, स्वयंपाक करताना नाचते, आणि नाताळच्या दुपारी बहीण जिना चढायला लागली की बंद करते. टेप माझ्या हातात गुंतली, म्हणून तिने ते ऐकलं, हे ओझं तीस वर्षं माझ्या डोक्यावर होतं. एकदा तरी ती गाणी तिच्याशेजारी बसून ऐकायची, एवढंच मला हवं होतं.

गेल्या नाताळला ती लवकर आली. दुसरं गाणं चालू होतं. मी हात पुसत फोनकडे धावले.

"वाजू दे," ती म्हणाली आणि टेबलाशी बसली.

मला भरून आलं. तिच्यासमोर बसून एका दमात सगळं बोलले. त्या दिवशी माझ्याच हातून टेप गुंतली, माफ कर, असं.

"टेपचं काय घेऊन बसलीस? मला दर वर्षी ऐकू यायचं. डुक्कर काय तुझ्या ट्रंपेटला ऐकतंय?"

"मग पप्पांना चावलीस ती कशाला?"

"पप्पांना कुठे? मी तुझ्यावर धावले होते. ते मधे आले."

मला वाटायचं, ती मला वाचवायला धावली होती.

"ते ओरडणं आता आठवतही नाही मला," ती म्हणाली. "तू आठवतेस. टेप मांडीवर घेऊन आवाज वाढवायचीस आणि डोळे मिटून डोलायचीस. बाहेर ते मरत असायचं आणि तू खूश. दर वर्षी. तुझं नरडं फोडावंसं वाटायचं."

अंगाची लाही झाली माझी. मी चौदा वर्षांची पोर होते, मला काय कळत होतं, असं तिच्या तोंडावर ओरडणार होते. हातात पाण्याचा ग्लास होता, तो फेकलाही असता. तेवढ्यात तिसरं गाणं लागलं आणि ट्रंपेट सुरू झाला.

 ती फक्त वाकून टेबलाखाली पाहत राहिली. तिथे माझा पाय ठेका धरत होता.