सापडलं नाही, म्हणजे नाही?

तुम्हाला वाटलं असेल, कंडक्टरवर लिहितोय म्हणजे म्हाताऱ्या बाईला हात देऊन चढवणारा कुणी देवमाणूस निघेल. नाही निघणार. आमच्या गल्लीतला हा कंडक्टर म्हाताऱ्या बाईवरही खेकसायचा, "सरक, पुढे सरक!" म्हशीला तेच, आरतीच्या गर्दीला तेच. मी त्याची नक्कल करून गल्ली हसवायचो. तो ओट्यावरून ओरडायचा, "आवाज आनखी जाडा काढ रे!"

तो गेला. माझा राग काही जात नाही.

खोकल्यासाठी छातीचा फोटो काढला, तर फुप्फुसात गाठ. सुरतेच्या डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं: गाठ कशाची ते कळायला तुकडा हवा. तोंडातून दुर्बीण घातली तर त्रास कमी, पण गाठ पार कडेला आहे, दुर्बीण तिथवर पोचेलच असं नाही. सिटी स्कॅनमध्ये बघत बरगड्यांमधून सुई घातली, तर तुकडा मिळायची शक्यता जास्त. फुप्फुसातून हवा सुटायचा धोका आहे, पण त्यावर इलाज आहे.

त्याचा मेव्हणा म्हसावदचा. मान तिरकी करून बोलणारा. म्हणे, "दाजी, सुई नको. सुई लागनी का गाठ चाळवस!"

मग दुर्बीणच झाली. रिपोर्ट आला, काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, गाठीचा तुकडा आलाच नाही, सुई करावीच लागेल. मेव्हण्याने ऐकलं फक्त 'नाही'. गल्लीत पेढे वाटले! अरे, चेकर चढला, फुकट्या सापडला नाही, म्हणजे गाडीत फुकट्या नव्हताच का? आख्खा उन्हाळा घरात आनंदीआनंद, आणि आत गाठ आपली वाढतेय.

खोकल्यात रक्त आलं, तरी मेव्हणा ओट्यावर बसून तेच, "सुई नको." माझं डोकं फिरलं. मान तिरकी केली आणि गल्लीदेखत त्याच्याच आवाजात सुरू झालो, "दाजी, खोकलू नका, गाठ झोपेल शे! श्वासबी लेऊ नका, चाळवस!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मेव्हण्याने गाडीला किक मारली आणि निघून गेला.

कंडक्टर हसला नाही.

"अक्कल शे का तुले? पाव्हना व्हता तो! मन्हावर जीव शे त्याना, भेव वाटस म्हनीसन बोलस. आते सुई कराले सूरतले मन्हासंगे कोन येई? तू येशी? डागदरले नक्कल करी दखाडशी?"

मी तिरकी मान सरळ केली.

"उभा काय ऱ्हायना, गाढव! चप्पल घाल."