खोडलेलं पुस्तक

बाईंनी मला ते पुस्तक दिलं तेव्हा त्याला खाकी कव्हर घातलेलं होतं. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचं जाडजूड पुस्तक, वीस सराव चाचण्यांचं. त्यांची मुलगी आदल्या वर्षी तेच सोडवून पास झाली होती आणि सहावीला तिकडे वसतिगृहात गेली होती.

"तुमच्या पोरीला द्या," बाई म्हणाल्या. "पाचवीत आहे ना ती? या परीक्षेला एकदाच बसता येतं. मग नाही."

मी गडचांदूरला बाईंच्या घरी राहून त्यांच्या सासूबाईंचं करते. त्या अंथरुणावरच असतात. बाई शाळेत शिकवतात, साहेब सिमेंटच्या कारखान्यात. माझं गाव सावली तालुक्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं. चंद्रपूरला बस बदलून जाईपर्यंत दिवस सरतो. पोरीचा बाप वारला तेव्हा ती दुसरीत होती. तिला माझ्या मायजवळ ठेवून मी इकडे आले, आणि बाईंनी पहिल्या दिवसापासून मला घरच्यासारखं वागवलं. ते मी विसरत नाही.

मी स्वतः सातवीत शाळा सोडली. सोडली तरी कुठे, सुटली. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आठ दिवस घरी राहिले, मग पंधरा, मग परत जायची लाज वाटायला लागली. शाळेतून कोणी नाव काढलं नाही, कोणी बोलवायलाही आलं नाही. पोरीचं तसं होऊ नये, एवढंच माझ्या जिवाला लागलं होतं. त्या शाळेत नंबर लागला तर बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथेच. रोवणीला तिला कोणी हाक मारणार नव्हतं.

पण पुस्तक भरलेलं होतं. प्रत्येक प्रश्नापुढे चार गोल, त्यातला एक पेन्सिलीने काळा केलेला. बाईंची मुलगी मोठी नेटकी. चुकलेलं उत्तर तिने पुसून परत बरोबर केलं होतं, म्हणजे पानोपानी बरोबर उत्तरंच. ते पाहून माझी पोरगी काय शिकणार? मग मी दुपारी सासूबाईंना भरवून, त्यांची कूस बदलून दिली की खोडरबर घेऊन बसायची. एक एक गोल खोडायचा. चुरा मांडीवर पडायचा, तो खिडकीतून झटकायचा. पंधरा-वीस दिवस हेच चाललं होतं.

एकदा बाई लवकर घरी आल्या. "अहो, किती घासता? मी नवीन आणून देते की."

"नाई जी," मी म्हटलं, "हे काय वाईट हाय?"

त्यांनी आधीच खूप केलं होतं. अजून किती घ्यायचं, असं मला वाटलं. तेव्हा हो म्हटलं असतं तर, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

शेवटची चाचणी तेवढी कोरी राहिली होती. उत्तरांची पानं पुस्तकाच्या मागे होती, ती मी ब्लेडने कापून माझ्याजवळ ठेवली. पोरगी चोरून पाहील म्हणून. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

दसऱ्याला पुस्तक गावी नेऊन दिलं आणि परतल्यावर फोन सुरू झाले. दुपारी चारला ती मायच्या फोनवरून लावायची. मी उत्तरांची पानं पुढे घेऊन बसायची.

"एक?"

"ब."

"दोन?"

"ड."

पहिल्या चाचणीत चाळीसपैकी चोवीस आले. मी "बरं" म्हटलं. माझा आवाज पडला असेल, मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या वेळी छत्तीस आले. मग एकोणचाळीस. मग चाळीस. मी फोन ठेवून एकटीच हसत बसले.

"काऊन हासून राह्यली वो?" सासूबाईंनी अंथरुणावरून विचारलं.

"पोरीचे सगळे बरोबर आले, आजी."

"परीक्षा तुही हाय का पोरीची? माही गोळी दे आधी."

बाईंना चहा देताना सांगितलं. "हुशार आहे हो," त्या म्हणाल्या. "नक्की लागतो नंबर." त्यांचा शब्द मी कितीतरी दिवस पुरवून पुरवून आठवला.

दिवाळीला दोन दिवस गावी गेले. पोरगी दाराजवळ बसून सोडवत होती. पुस्तक तिरपं धरून एक डोळा बारीक केलेला.

"डोळे दुखतेत का?"

"नाई."

"मंग वाकडं काऊन धरून राह्यली?"

"उजेड येते अशानं."

मी खाट ओढून दारापाशी आणली. मायला म्हटलं, "इथी मोठा बल्ब लावून घे." निघताना विचारलं, शेवटची चाचणी कधी सोडवणार? ती म्हणाली, तिची पानं फाटली. मी तिला बोलले. बाईंचं पुस्तक हाय, जपून वापरता येत नाई का म्हणून. ती खाली मान घालून उभी राहिली.

परीक्षा थंडीत होती, सावलीला. मी सुट्टी काढून गेले. गेटबाहेर बाकीचे आईबाप पोरांचा अभ्यास सांगत होते. कोणी शिकवणी लावलेली, कोणी दोन-दोन. मी कोणाला काही म्हटलं नाही, पण मनात चाळीस-चाळीस मोजत होते. ती बाहेर आली. बोटांना शाई.

"पेपर कसा गेला?"

"झाला."

भजी घेऊन दिली, तिने दोन खाल्ली आणि पुडा मिटला. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आई, नंबर नाई लागला तं बाई तुले कामावरून काढतीन का?"

"असं नाई बोलत," मी म्हटलं. परीक्षेची धास्ती असेल, असं वाटलं.

निकाल बाईंनीच मोबाइलवर पाहिला. दोनदा पाहिला. मग मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "स्पर्धा फार असते हो," म्हणाल्या. "घरी तर चांगली करत होती. घाबरली असेल." मी हो म्हटलं आणि सासूबाईंचं पाणी गरम करायला गेले.

लगेच सुट्टी मागायची हिंमत झाली नाही. पुढे गेले तेव्हा अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. पोरगी बसून त्यातला कचरा निवडत होती. मी तिच्याजवळ बसले. परीक्षेचं काहीच काढलं नाही. तिनेच काढलं, फुलांकडे पाहत.

"आई, तू खोडलं तरी दिसत होतं."

"काय?"

ती उठली, पुस्तक आणलं आणि माझ्यापुढे तिरपं धरलं. "पाह्य."

पेन्सिल गेली होती. पण बाईंच्या मुलीचा हात जड. दाबून दाबून केलेल्या गोलाचा खळगा कागदात तसाच होता, उन्हात चमकत होता. प्रत्येक प्रश्नात एक, क्वचित दोन.

"पहिले मी माह्या मनानं सोडवले," ती म्हणाली. "ते चोवीसवाले. मंग दिसलं."

"सांगतलं काऊन नाई?"

"तू हासत होती फोनवर." पुस्तक मिटत म्हणाली, "अन् तू इतके दिवस घासलं होतं."

मला तिला जवळ घेता आलं असतं. मी फुलं निवडत राहिले. पलीकडे माय सुपात धान पाखडत होती, तिने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि परत पाखडायला लागली.

पुस्तक बाईंना परत द्यायचं म्हणून पिशवीत घालून निघाले. चंद्रपूरच्या स्टँडवर बस यायला वेळ होता. बाकावर बसून पुस्तक उघडलं. शेवटच्या चाचणीची पानं फाटलेली नव्हती. ती तिने सोडवलेली होती. त्या पानांवर खळगे नव्हते, कोणी आधी काही केलंच नव्हतं. काही ठिकाणी तिने इतकं खोडलं होतं की कागदाला भोक पडायला आलं होतं. समासात गुणाकार, भागाकार, एका आकृतीला जोडलेली रेघ. उत्तरांची पानं माझ्या पाकिटातच होती, घडीवर चिरत आलेली. मी एक एक लावून पाहिलं.

सत्तावीस बरोबर होते. हे तिने मला कधी सांगितलंच नव्हतं.

बाईंनी पुस्तक हातात घेतलं आणि म्हणाल्या, "चला, शेजारच्यांची मुलगी यंदा पाचवीत गेली. तिला होईल."

"हे नका देऊ जी तिले," मी म्हटलं. "तिले नवंच घेऊ द्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. निकालाचं मनाला लागलं असं त्यांना वाटलं असेल. मी कारण सांगितलं नाही. ज्यांनी दिलं त्यांना काय सांगायचं? त्यांनी पुस्तक परत माझ्याकडे दिलं. दुपारी सासूबाई झोपल्यावर मी त्याच ब्लेडने शेवटची चार पानं कापून घेतली.

चारला फोन आला. सावलीच्या शाळेत सहावीत नाव घालायचं आहे, आजीला दाखला कुठे मिळतो ते कळत नाही, असं पोरगी सांगत होती. मी तिला सगळं नीट सांगितलं. मग म्हटलं, सत्तावीस होते तुझे.

 ती म्हणाली, "बरं."