न वाचता केलेली सही

निर्मळच्या गावमैदानापाशी फलक लागला आणि ॲन्सेल्म डाबरेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘आंतरराष्ट्रीय रग्बीपटू ॲन्सेल्म यांच्या शुभहस्ते टर्फच्या कामाचा शुभारंभ.’ शेजारी हेल्मेट घातलेल्या कुण्या अमेरिकन फुटबॉलपटूचा फोटो. ॲन्सेल्मनं उभ्या जन्मात हेल्मेट घातलं नव्हतं. घातलं असतं तरी मान वाचली नसती म्हणा.

केळीचे लोंगर वाहून खांदे रुंद झालेला हा गडी कॉलेजात रग्बीला लागला. आठ-आठ जण डोकी अडकवून एकमेकांना रेटतात, त्या स्क्रममध्ये तो पहिल्या फळीत असायचा. देशाकडून खेळला. मग कोलंबोच्या एका क्लबनं त्याला तीन हंगाम पगारावर ठेवलं. चौथ्यात स्क्रम अंगावर कोसळला आणि मानेत धातूची पट्टी बसली. क्लबनं फुलांचा गुच्छ पाठवला आणि त्याच आठवड्यात दुसरा माणूस घेतला. खेळात असं चालायचंच, असं सांगणाऱ्यांच्या मानेत पट्टी नसते.

आता चव्वेचाळिशीत त्याची मान वळत नाही की वाकत नाही. वाडीची कामं गडी करतात, घर बायकोच्या, कार्मिनच्या मास्तरकीवर चालतं. त्याच्याकडे उरलं होतं ते एकच: रोज सकाळी मैदानावर बावीस मुलींना तो रग्बी शिकवायचा. त्यातली कमळी यंदा राज्याच्या संघात गेली. या खेळाला पडायला माती लागते, आणि आसपास तेवढी मऊ माती दुसरीकडे उरलेली नाही.

त्या मातीवर आता प्लॅस्टिकचं गवत येणार होतं. तो तडक गावकीचा कारभार बघणाऱ्या ऑस्टिनकाकांकडे गेला.

“कुणाला विचारून दिलं मैदान?”

काकांनी शांतपणे गावच्या अर्जाची, करार जोडलेली प्रत पुढे केली. एकेचाळीस सह्या. “पहिली कोणाची ते बघ.”

त्याचीच होती. मे महिन्यात काका ओट्यावर आले होते. ‘मैदान सुधारायचंय. तुझं नाव वर असलं की कचेरीतले साहेब लगेच ऐकतात,’ म्हणाले, आणि हा हरभऱ्याच्या झाडावर चढला. गावाचा कागद दारी आला की सही करायची, वाचायचा नाही, ही इथली रीत. वाचणं म्हणजे आणणाऱ्यावर संशय घेणं. त्याच्या बापानंही कधी वाचला नव्हता.

प्रत त्यानं मागून घेतली. कोण वाचतंय, म्हणून काकांनी दिलीही.

“शुभारंभाला गेलास तर त्यांच्या फोटोत दिसशील,” कार्मिन म्हणाली. “घरी बस.”

“जातो. तू मला फक्त एक अर्ज लिहून दे.”

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर मांडव भरला. शाल झाली, नारळ झाला, माईक हातात आला. खाली बघता येत नाही म्हणून त्यानं कागद डोळ्यांसमोर उभा धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. तीस वर्षांचा करार. जाळीच्या आत फक्त क्रिकेट. गावातल्या मुलांनाही तासाचं भाडं. मुली मागे उभ्या होत्या. खुर्च्यांतलं कुणी हललं नाही. बावीस पोरींचं मैदान जात होतं आणि लोक वेफर्स खात होते.

“कलम नऊ. कोपऱ्यातला क्रूस ठेकेदाराच्या सोयीनं हलवता येईल.”

तेव्हा मात्र खुर्च्या वाजल्या. त्याला राग आला, आणि बरंही वाटलं.

“ॲन्सेल्म,” काका दबक्या आवाजात म्हणाले, “चारचौघांत गावावर अविश्वास दाखवतोस?”

त्यांच्याकडे बघायचं तर त्याला सगळं अंग वळवावं लागतं. तो वळला. “मे महिन्यातच दाखवायला हवा होता, काका. मी न वाचता सही केली. ती मागे घेतो.”

त्यानं सह्या मागे घेण्याचा, कार्मिनच्या हातचा अर्ज टेबलावर ठेवला, सगळ्यात वर सही केली आणि पेन तिथंच सोडलं. मग दर मे महिन्यात क्रुसाकडे रोझरीची प्रार्थना सांगणारी सेलिनबाय काठी टेकत वर आली.

“त्या कागदावर माझी सही कितवी?”

“एकोणिसावी.”

तिनं पेन उचललं, पण सही केली नाही. “चष्मा द्या कुणीतरी. आधी वाचते.”

तिला बराच वेळ लागला. मागे रांग वाढत गेली, पण तिला कुणी घाई केली नाही.